उत्तर देणारा ट्रक

दिवे लागले तसा गर्दीतून एकच "अहाहा" उठला.

"बघा!" दिवेबुवा गरजले. "हो म्हणतोय! लेकरू हो म्हणतंय!"

ट्रकतळाच्या कोपऱ्यात तो लांबलचक ट्रेलर ओढणारा जुना ट्रक उभा होता. किल्ली काढलेली, इंजिन थंडगार, केबिनमध्ये चिटपाखरू नाही. आणि तरी त्याचे पुढचे दोन्ही दिवे क्षणभर भक्कन उजळून पुन्हा विझले होते. भोवती दोर बांधला होता आणि दोराबाहेर माणसं दाटीवाटीने उभी होती. टायरवाला होता, वेल्डर होता, चहावाला गिऱ्हाईक टाकून आला होता. लांबलांबून बायाबापड्या आल्या होत्या, कुणाच्या हातात फुलं, कुणाच्या हातात गेलेल्या माणसाचा फोटो. संध्याकाळ कलली की रोज हाच देखावा.

"देह म्हणजे काय, बाळांनो?" बुवांनी हात उंचावून विचारलं. एक पाय जमिनीवर, एक पाय केबिनच्या पायरीवर, ही त्यांची ठरलेली ऐट. "देह म्हणजे बल्ब! बल्ब उडतो. पण करंट उडतो का?"

"नाही!" गर्दी म्हणाली.

"करंट मरत नाही, नुसती वायर बदलतो! हा पोरगा उभं आयुष्य ह्या गाडीत बसला. बल्ब उडाला, करंट गाडीत उतरला. यात नवल ते काय?"

नवल एवढंच, की बुवांच्या स्वतःच्या खोलीतला पंखा बंद पडला की ते निमूट वायरमनला बोलावत. करंटशी त्यांची ओळख तेवढीच. पण हे त्या गर्दीत बोलणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला सगळे उंदीर तयार असतात, फक्त आपला नंबर सोडून.

दोराच्या आत तिघांनाच परवानगी होती. एक बुवा. दुसरी ट्रकसमोर खुर्ची टाकून बसलेली म्हातारी, म्हणजे त्या मेलेल्या पोराची आई. आणि तिसरी, म्हातारीच्या खुर्चीमागे मान खाली घालून उभी असलेली तिची धाकटी सून, म्हणजे त्याची बायको.

घरात सगळे तिला धाकटीच म्हणत. तळाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये ती ट्रकच्या सीटची कव्हरं शिवायची. रेक्झिन कापायचं, जाड सुईच्या मशीनवर दुहेरी शिवण घालायची, ड्रायव्हर लोकांशी हुज्जत घालायची. जीभ तिची तिखट. नवरा म्हणायचा, "हिच्या सुईला टोक कमी, जिभेला जास्त." आता ती जीभ टाळूला चिकटली होती.

त्याचं असं झालं. नवरा दुसऱ्याच्या मालकीच्या ह्या ट्रकवर ड्रायव्हर होता. गाडी जुनी, चार मालकांच्या हाताखालून गेलेली. एका संध्याकाळी अंधार पडता पडता तो एका चढावर गाडी कडेला उभी करून मागे उतरला, हातात टॉर्च होता, आणि मागून आलेल्या वाहनाने त्याला उडवलं. ट्रकला ओरखडाही नाही. मालक म्हणाला, "दिवे न लावता गाडी उभी केली. झोप आली असेल. माझ्या गाडीत काही दोष नाही, बघा, दिवे लागतात की!" आणि खरंच लागत होते. मग काय, झाला शिक्का. निष्काळजी ड्रायव्हर. मेला तो मेला, वर नाव घालवून गेला.

त्यात धाकटीचं स्वतःचं दुखणं निराळंच. त्याच दिवशी दुपारी त्याचा फोन आला होता. उद्या घरी येणं जमत नाही म्हणाला, मालकाने पुढची खेप गळ्यात मारलीय. "अगं, ऐक तरी, त्या दिव्यांचं जरा..." असं काहीतरी तो सांगत होता. तिने ऐकून घेतलं नाही. "त्या ट्रकशीच संसार कर तू!" म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर तो फोन पुन्हा वाजला तो बातमी घेऊनच.

आणि पुढे मालकाने गाडी विकायला काढली. माणूस खाल्लेली गाडी म्हणून कुणी हात लावेना. शेवटी घेतली ती धाकटीच्या मोठ्या दिराने, थोरल्याने. तोही ड्रायव्हर, पण जन्मभर लोकांच्या गाड्या हाकलेला. म्हातारीने हट्टच धरला होता, "त्याची गाडी परक्याच्या दारात नको." थोरल्याने गाडी बघितली ती सगळे ड्रायव्हर बघतात तशीच. इंजिन चालू करून कान लावला, धुराचा रंग बघितला, टायरना लाथा घातल्या. ओळखीचा वायरमन म्हणालासुद्धा, "दादा, टोकन द्यायच्या आधी मला एकदा वायरिंग बघू दे. जुन्या गाडीचं दुखणं इंजिनात कमी, वायरीत जास्त." थोरला हसला. "वायरीचं काय घेऊन बसलास! चिकटपट्टी मारली की झालं." बटण दाबलं, दिवे लागले, व्यवहार झाला.

गाडी तळावर आली त्या संध्याकाळी म्हातारी कुणाचाही हात न धरता केबिनच्या पायरीवर चढली. पोराच्या हाताने गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग तिला एकदा शिवायचं होतं. तिने पाय ठेवला मात्र, समोरचे दिवे भक्कन लागले. म्हातारी तिथेच मटकन बसली. "आला गं! माझं लेकरू बोललं माझ्याशी!" ज्या बाईने पोरगा गेल्यापासून घास गिळला नव्हता, ती त्या रात्री पोटभर जेवली. मग तुम्हीच सांगा, तिला कोण म्हणणार, की आई, हे काहीतरी वायरीचं आहे?

चार दिवसांत बुवा उगवले. कुठून आले, कुणास ठाऊक. गूळ दिसला की मुंगळ्याला पत्ता विचारावा लागत नाही. त्यांनी सांत्वनाला म्हणून पायरीवर पाय ठेवला, दिवे लागले, आणि त्यांच्या डोक्यातही लागले. दुसऱ्याच दिवशी दोर बांधला गेला. गाडीला हात लावायचा नाही, पावित्र्य जातं. केबिन पुढे झुकवून इंजिन उघडायचं नाही, आत्म्याला लोखंडी हत्याराची भीती वाटते. बाटलीतून भारलेलं पाणी मिळू लागलं. थोरला एकदा चिडून म्हणाला, "अहो, गाडी रस्त्यावर न्यायचीय मला." बुवांनी ट्रकलाच विचारलं, "बाळा, जायचंय का तुला?" दिवे काही लागले नाहीत. झालं! थोरला आईच्या तोंडाकडे बघून गप्प बसला.

आणि आजची ही संध्याकाळ.

"बाळा," बुवांनी आवाज मऊ केला, "तुला शांती का नाही? घरातलं कुणी आडवं येतंय का?"

दिवे लागले.

"आई?" काही नाही. "भाऊ?" काही नाही. बुवांनी हळूच मान वळवून धाकटीकडे पाहिलं. "बायको?"

दिवे लागले. गर्दीत कुजबुज पसरली.

म्हातारी खुर्चीतून वळली. "काय बोलली होतीस गं त्याला? त्या दिवशी फोनवर काय बोललीस?"

धाकटीने सांगितलं. खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही. "म्हटलं, त्या ट्रकशीच संसार कर."

मग बुवा खर्जात म्हणाले, "ऐकलंत? बोललेला शब्द करंटसारखा असतो, बाई. सोडला की धावतो." आणि त्यांनी निकाल दिला: उद्या संध्याकाळी हिने सर्वांसमक्ष माफी मागायची आणि माहेरी निघून जायचं. ही घरात असेतो त्याला सुटका नाही.

"आई," धाकटी म्हणाली.

"मला आई म्हणू नकोस," म्हातारी म्हणाली आणि तिने तोंड ट्रककडे फिरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटीने कपडे बांधले. बांधायला होतं काय! दोन पिशव्या झाल्या. तिला राग येत नव्हता, हेच वाईट होतं. तिला ते सगळं पटलं होतं. ज्याला ट्रकशी संसार कर म्हटलं तो खरंच ट्रकमध्ये राहायला गेला. मग आता रागावला तर नवल काय? फक्त जाण्याआधी माफी तिला एकटीला मागायची होती. गर्दीपुढे नको, बुवांपुढे तर नकोच. नवराबायकोचं भांडण, त्यात तिसरा कशाला?

तळावर भर उन्हाची सामसूम होती. बुवा जेवून घोरत होते. धाकटी दोराखालून वाकून आत गेली आणि केबिनच्या पायरीवर बसली. बसताक्षणी समोरच्या वर्कशॉपच्या काचेत तिला लख्ख उजेड दिसला. ट्रकचे दिवे लागले होते.

तिला रडू कोसळलं. "रागावलास ना? एवढा रागावलास?"

ती हुंदका देई, तसे काचेतले दिवे लागत नि विझत. बराच वेळ ती नुसती रडली. मग डोळे पुसून, पायरीवरून अर्धवट उठून पुन्हा टेकत तिने विचारलं, "नाही ना रे राग? सोडलास ना?"

दिवे लागले.

धाकटी थबकली. राग आहे, यालाही हो. राग नाही, यालाही हो. तिचा नवरा असा नव्हता हो! चहा टाकू का विचारलं तरी नाही म्हणायचा आणि मग प्यायचा. आयुष्यात एका वेळी दोन गोष्टींना हो म्हणाला असेल तर शपथ.

ती उठून उभी राहिली, पुन्हा बसली. "मी तुझी बायको का रे?" दिवे लागले. पुन्हा उठली, पुन्हा बसली. "मी तुझी मावशी का?"

दिवे लागले.

रडता रडताच तिला हसू फुटलं, आणि हसताना जास्तच रडू आलं. मग ती पायरीपासून दूर झाली आणि उन्हात उभी राहून एकेक विचारत गेली. नाव घेऊन, लाडाने, चिडून, विनवून. काही नाही. पुढे आली, काही एक न विचारता पायरीवर नुसता पाय दाबला. दिवे लागले. सोडला, विझले. तिने तर काही विचारलंच नव्हतं.

ती तशीच पाय दाबत आणि सोडत राहिली. रेक्झिन कुठे फाटतं ते तिला रोजच्या कामाने पक्कं ठाऊक होतं. जिथे घासतं तिथे फाटतं. माणूस बसतो, उठतो, सीट दबते, घासते, आणि नेमकं तिथलंच कव्हर जातं. इथेही पायरी दबली की केबिन एका अंगाला झुकत होतं. आत कुठेतरी काहीतरी घासत होतं.

तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण वाटलं ते उलटंच. म्हणजे तो रागावलेला नव्हता, कारण तो तिथे नव्हताच. माफी मागायलाही कुणी उरलं नव्हतं. ह्याचं तिला इतकं वाईट वाटलं, की क्षणभर वाटलं, जाऊ दे, राहू दे हा बुवा आणि राहू दे हा उजेड.

मग ती उठली आणि थोरल्याला शोधायला गेली. तो टायरवाल्याच्या सावलीत पडला होता.

"भाऊजी, तो ट्रक उत्तरं देत नाही. पाय दिला की लागतो. मी मावशी का विचारलं तरी हो म्हणाला."

थोरला उठून बसला. "मला वाटायचंच," म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"आई जेवतेय गं," तो म्हणाला. "दिवे लागतात म्हणून जेवतेय. उद्या मी सांगितलं की तो आत नाही, तर तिच्या हातून पोरगा दुसऱ्यांदा जाईल. कुठल्या तोंडाने सांगू?"

"आणि मी कुठल्या तोंडाने माहेरी जाऊ? नवऱ्याला तडफडत ठेवलं म्हणून?"

थोरल्याने पायात चपला सरकवल्या. तो वायरमनकडे गेला. वायरमनने सगळं ऐकून घेतलं आणि खजील होऊन म्हणाला, "पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, दादा. पण त्या म्हातारीच्या तोंडाकडे बघवेना, आणि मग गर्दी एवढी झाली, की गर्दीकडेही बघवेना." असे आपण सगळेच. कुणाचं मन मोडायला नको म्हणून गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्यावर कुणीतरी बुवा आपली चूल पेटवतो.

संध्याकाळी गर्दी दुप्पट होती. सून घराबाहेर जाताना बघायला कुणाला आवडत नाही! धाकटी दोन पिशव्या घेऊन आली आणि दोराच्या आत उभी राहिली.

"माग माफी," बुवा म्हणाले. पाय पायरीवर होताच.

"मागते. पण माझा नवरा आहे, मीच विचारीन. तुम्ही पाय खाली घ्या."

"अं?"

"पाय. खाली घ्या म्हटलं."

जिभेला धार परत आली होती. बुवांनी हसत हसत पाय खाली घेतला. एवढ्या लोकांत नाही कसं म्हणणार? धाकटीने आपली चप्पल काढली, पायरीवर पाय टेकवला, आणि खणखणीत आवाजात विचारलं, "काय हो, हा बुवा लबाड आहे का?"

दिवे भक्कन लागले.

मागून चहावाला फस्सकन हसला. "पुन्हा विचार!" कुणीतरी ओरडलं. तिने पाय उचलून पुन्हा दाबला. "नक्की लबाड?" दिवे लागले. आता हशा आवरेना.

"हे... हे दुसरंच कुणी शिरलंय!" बुवा तडफडले. "दुष्ट शक्ती आहे ही!"

"काल मला घराबाहेर काढत होती तेव्हा चांगली होती की!" धाकटी म्हणाली. "या, कुणीही या. वेल्डरदादा, द्या पाय. मनात काहीही धरा, नाहीतर काहीच धरू नका."

वेल्डर भीत भीत आला. पाय दिला, लागले. काढला, विझले. टायरवाला आला. मग पोरंटोरं खेळच करू लागली. बुवा पाण्याच्या बाटल्या गोळा करायला मागे वळले ते वळलेच. त्या दिवसानंतर त्यांना तळावर कुणी पाहिलं नाही.

थोरल्याने सगळ्यांना मागे सारलं. वायरमनने आधी बॅटरीची जोडणी काढली, मग दोघांनी मिळून केबिन पुढच्या बाजूला झुकवलं. खालचं सगळं उघडं पडलं. चार मालकांनी जोडलेल्या चार रंगांच्या वायरी, गाठी, चिकटपट्ट्या. कुणी हॉर्न वाढवला होता, कुणी पंखा, कुणी गाण्यांचा टेप.

"हे बघा," वायरमन टॉर्च धरून मोठ्याने सांगू लागला. "केबिन ज्या रबरांवर बसतं ते झिजलेत, म्हणून पायरीवर वजन पडलं की केबिन ह्या अंगाला झुकतं. बॅटरीकडून येणारी ही वायर इथे लोखंडाला घासून उघडी पडलीय. शेजारी दिव्यांची वायर, तीही उघडी. केबिन झुकलं की दोन्ही टेकतात, बटण न दाबता दिवे लागतात. आत्मा नाही, काही नाही. आणि वरती कुणीतरी काहीतरी गुंडाळलंय, तेही फाटलंय..."

त्याने ते कापून बाहेर ओढलं. वीतभर लांबीची, बोटभर रुंदीची रेक्झिनची नळी होती, तेलाने काळी झालेली. एका बाजूने झिजून आरपार भोक पडलेलं. धाकटीने पुढे होऊन ती हातात घेतली आणि अंगठ्याने पुसली. काळ्याखालून हिरवा दोरा दिसला. दुहेरी शिवण होती.

ती शिवण तिची होती.

तिला आठवलं. तो शेवटचा घरी आला होता तेव्हा शेडमध्ये येऊन म्हणाला होता, "एक नळी शिवून दे ना, दोन्ही तोंडं उघडी ठेव." मशीनला हिरवा दोरा लावलेला होता, तसाच मारला तिने. "सारखं त्या गाडीचं! घरातली खिडकी कधी दुरुस्त करणार?" असंही म्हणाली होती. कशाला हवी, ते विचारलंच नव्हतं.

"हे त्याने घातलंय," ती म्हणाली. "त्याला माहीत होतं."

वायरमन फ्यूजच्या डब्यात बघत होता. त्याने टॉर्च आणखी जवळ नेला. थोरला म्हणाला, "काय रे?"

"दादा, इथे फ्यूजच नाही. जाड तार बसवलीय. नंतर बसवलेली दिसतेय, नवी आहे." तो हळू बोलला, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "फ्यूज असतो तेव्हा ही उघडी वायर लोखंडाला टेकली की तो जळतो. सगळे दिवे जातात. एकदम. फ्यूज पुन्हा जळू नये म्हणून कुणीतरी तार घातली आणि गाडी विकली. लागतात दिवे, दाखवायला. आग लागली असती एखाद दिवशी."

"म्हणजे," म्हातारी खुर्चीतून उठली होती, "त्या दिवशी चढावर..."

ती ट्रकच्या आणखी जवळ आली.

"म्हणजे दिवे त्याने बंद नव्हते ठेवले. दिवे गेले होते." ती एकेक शब्द चाचपून बोलत होती. "म्हणून तो टॉर्च घेऊन मागे उभा राहिला. लोकांना गाडी दिसावी म्हणून."

"हो, आई," थोरला म्हणाला.

म्हातारीने झुकलेल्या केबिनखाली पाहिलं. ती उघडी वायर तिला कुणी दाखवायची गरज पडली नाही. "आणि हिलाच मी रोज फुलं वाहिली?" ती म्हणाली. "माझ्या पोराला जिने मारलं, तिलाच?"

धाकटीने तिला धरलं. म्हातारीने हात झटकला नाही. फोनवरचं ते अर्धं वाक्य धाकटीच्या कानात घुमत होतं, अगं, ऐक तरी, त्या दिव्यांचं जरा. दोघी एकमेकींना धरून ट्रकपुढे इतक्या मोठ्याने रडल्या, की गर्दीतल्या माणसांनी आपापली फुलं पाठीमागे लपवली आणि पांगायला सुरुवात केली. थोरला चाकाला टेकून बसला होता. "मला सांगितलं होतं, वायरिंग बघून घे," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. ऐकायला कुणी नव्हतं.

वायरमनने दुसऱ्या दिवशी काम केलं. सगळी जुनी गुंतवळ काढून टाकली, नवी वायर, नवे रबर, नवा फ्यूज. म्हातारी समोर खुर्ची टाकून बसून होती. काम झाल्यावर म्हणाली, "सरका जरा." पायरीजवळ गेली, दांडा धरला, आणि चढली.

दिवे लागले नाहीत.

ती तशीच उभी राहिली. अंगाचा भार टाकून पाहिला, एकदा हलूनही पाहिलं. वायरमनने मान फिरवली. शेवटी धाकटी म्हणाली, "आई, उतरा आता. पाय दुखतील."

"उतरते," म्हातारी म्हणाली. "एकदा बघितलं फक्त." खाली आल्यावर ती थोरल्याला म्हणाली, "घेऊन जा गाडी. आणि दिवे गेले तर उतरू नकोस रे बाबा रस्त्यावर." धाकटीच्या पिशव्या तिने स्वतःच उचलून घरात नेऊन ठेवल्या. त्या रात्री ती जेवली नाही. धाकटीही जेवली नाही. पण ताटं दोघींची एकत्र वाढलेली होती, आणि पुढच्या रात्री थोडं थोडं जेवल्या.

ट्रक कामाला लागला. कोपऱ्यात तेलाचा डाग तेवढा उरला. तरी माणसं येतच राहिली; चमत्काराची बातमी घोड्यावरून जाते आणि खऱ्याची लंगडत. म्हातारी आता धाकटीच्या शेडच्या दाराशी बसू लागली होती. कुणी विचारलं, की ती रेक्झिनची फाटकी नळी पुढे करायची आणि सगळं सांगायची, केबिन कसं झुकतं, वायर कशी घासते. वायरमनपेक्षा तिला जास्त समजलं होतं.

एके दिवशी फुलं घेऊन एक तरुण बाई आली. लांबून आली होती, पाय धुळीने भरलेले. छातीशी एका लहान मुलीचा फोटो धरलेला.

"तो ट्रक कुठे असतो हो?" तिने विचारलं. "गेलेलं माणूस बोलतं म्हणतात त्यातून."

मशीनवरचा धाकटीचा पाय थांबला. म्हातारीने त्या बाईकडे आणि तिच्या हातातल्या फोटोकडे पाहिलं.

"नाही गं बाई," ती म्हणाली. "बोलत नाही. मीही विचारून बघितलं, खूप विचारलं. तुला कुणी सांगेल बोलतं, तर त्याचा पाय कुठे आहे ते आधी बघ. आम्ही बघितलं नाही. सगळे हात जोडून उभे राहिलो, एकानेही उघडून बघितलं नाही. तो होता तेव्हाच कुणी उघडून बघितलं असतं, तर माझा पोरगा आज इथे चहा पीत बसला असता."

त्या बाईच्या हातातली फुलं खाली आली.

म्हातारीने शेजारच्या सीटवरचं रेक्झिन बाजूला सारून जागा केली.

"बस," ती म्हणाली. "आणि मला सांग, कशी होती तुझी लेक?"